बोलणारा डबा तुमीच काढा

एस्तेरचे बाबा,

मी सकाळच्या एसटीनं हिवरखेडले चालली, तुमच्या मार्थाआत्याले आणाले. ती नाई म्हणन, पण मी तिले आजच्या उपासनेच्या आत अकोटले घेऊनच येईन.

गेल्या रविवारी चर्चमधला तुमचा नवा बोलणारा डबा "पाचशे रुपये प्राप्त" म्हणाला, तवा सारे दान देणाऱ्या डॉक्टरसाहेबाकडं कौतुकानं पाहून राहिले. मंग आत्यानं मोबाईल धरला अन् डबा तेवढ्याच जोरानं "दहा रुपये" बोलला. मागच्या बाकावर कोणी तरी हासलं. तुमचं ध्यान डब्याकडं होतं, तुमाले दिसलं नाई. प्रार्थना सरायच्या आधीच आत्या उठून गेली. स्कॅन करणं तिले तुमीच शिकवलं होतं, पंधरा दिवस लागले तिले. तवापासून ती माझा फोन उचलत नाई.

काल मी पाळकसाहेबाशी बोलली. मोबाईलनं दान घेणं चालूच राहीन, थेट चर्चच्या खात्यात. स्कॅनचा कागद दाराशी राहीन, पण डबा नाई. दानाची थैली बी पहिल्यासारखी फिरन, ज्याले जसं जमन तसं त्यानं द्यावं. ते हो म्हणाले. डबा तुमी हौसेनं आणला, म्हणून मी त्याले हात लावला नाई. उपासनेच्या आधी तुमीच काढा.

पिठलं झाकून ठेवलं आहे, गरम करून घ्या.

आत्या दाराशी आली की पुढं या अन् तिची माफी मांगा. चार लोकं ऐकतीन, तर ऐकू द्या. मी तुमच्या बाजूले उभी राहीन.

रिबेका