झाकणावरचा चिखल

नागापूर, ३ ऑक्टोबर २०२५

ती. दादांस प्रवीणचा सविनय जयभीम, वि. वि.

कानिफनाथकाकांच्या एकसष्टीला द्यायचा वीतभर प्लॅस्टिकचा रणगाडा जोडून, हिरवा रंगवून झाला. आता तो मळवायचा. कंपनीच्या पेंट शॉपमध्ये धुळीचा कण बसला तर आमची हजेरी घेतात, आणि इथे मी स्पंजच्या तुकड्याने मुद्दाम गंज टिपतोय. हात धजत नाही.

पंजाबात सरावाला तुमचा दोघांचा रणगाडा दलदलीत रुतला, त्या दिवसासारखा करतोय. चिखल कुठवर होता? ड्रायव्हरचं झाकण उघडं होतं की बंद? उघडं असेल तर आतही चिखल भरावा लागेल. फोनवर हे विचारलं की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून पत्र.

गोळ्या चुकवू नका, माया असू द्या.
आपला, प्रवीण

नेवासा, ९ ऑक्टोबर

चि. प्रवीण यास अ. आ. व जयभीम.

चिखल लावू नकोस. संचलनाला नेतात तसा चकचकीत ठेव. त्या दिवशी कमांडर म्हणून मी वरून ‘न्हाई’ म्हटलं, ड्रायव्हर कानिफनाथने ‘व्हय’ ऐकलं आणि रणगाडा घातला दलदलीत. चौकशीत त्याची बढती गेली. चांगल्या दिवशी त्याला ते कशाला दाखवायचं? झाकणाचं मला आठवत नाही.

आई म्हणते, एवढी हौस आहे तर घराच्या खिडक्या रंगव.
तुझा, दादा

नागापूर, १९ ऑक्टोबर

ती. दादांस स. जयभीम.

रागावू नका, मी शेवगावला जाऊन आलो. काकांना फक्त झाकणाचं विचारलं. म्हणाले, बंद हुतं. बंद झाकणाखाली ड्रायव्हरला धड दिसत नाही, वरचा सांगेल तीच वाट. वरून काय आलं ते तुझ्या बापाला इच्यार, म्हणाले. तेवढ्यात बायडाबाईकाकू हसून म्हणाल्या की ह्यांना कुठं ऐकू येतंय, सारं गाव बहिरा म्हनतं. काका उठून बाहेर गेले.

दादा, चिखल अजून लावलेला नाही. मला भीती वाटते की तुम्हाला झाकणाचं आठवतंय.
उत्तराची वाट पाहणारा, प्रवीण

नेवासा, २७ ऑक्टोबर

चि. प्रवीण यास जयभीम.

झाकण बंद होतं. त्याने हेडफोनवर विचारलं, पुढं वाट हाय का. मी तंबाखू मळत होतो. मान वर न करता व्हय म्हणालो. चौकशीत सांगितलं, न्हाई म्हणालो होतो. गनरला मराठी कळत नव्हती, त्यामुळे माझा शब्द चालला. छत्तीस वर्षं लोक त्याला बहिरा म्हणाले आणि मी ते ऐकत राहिलो. लाज वाटते.

चिखल लाव. झाकण पुरतं बुजव. घेऊन मी एकटा जाईन.

लोभ ठेव असं लिहायचा हक्क उरला नाही, तरी लिहितो.
दादा

शेवगाव, १० नोव्हेंबर

चि. प्रवीण यास कानिफनाथकाकाचे अ. उ. आ.

रणगाडा पोचला. झाकणावरच्या चिखलावर मी बोट फिरवून पाहिलं. पोरा, काम नामी केलंस.

तुझ्या बापाने, कारभारीदादाने, चहाची बशी बाजूला सारली. मग म्हणाला, मी व्हय म्हनालो हुतो. मी बायडाबाईला आतून बोलावलं. तिच्यापुढे तो पुन्हा बोलला. ती पदर तोंडाला लावून बसली.

बाहेर मांडवात सगळी भावकी जमली होती. मी दादाला हाताला धरून तिथे नेलं आणि म्हटलं, मला काय नीट ऐकू आलं न्हाई, जरा मोठ्यानं सांग. त्याने सांगितलं.

तुझ्यावर जीव असणारा,
कानिफनाथकाका