मुकादमाने बिऱ्हाड हलवलं

आक्षी,
सोमवार, दुपार

तीर्थरूप कुमुदआत्यास,

सुश्रुतचा नमस्कार. साष्टांग म्हणवत नाही, कारण कंबरेत उसण भरली आहे आणि ती का भरली हे पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? कानाचं यंत्र लावतेस की अजून डब्यातच असतं? (ते डब्यात असतं म्हणून तर पत्र लिहितो आहे. हे सगळं तुला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर सांगायचं म्हणजे उरलीसुरली अब्रूही जायची.) इकडे सुपारी बरी आहे, नारळांना उंदीर लागलेत आणि मी पुरता खचलो आहे. बाकी सर्व ठीक.

वल्लरीला मुलगी झाली, मी आजोबा झालो, हे तुला कळलंच आहे. निवेदिता दिवाळी आटोपताच बाळ-बाळंतिणीचं करायला बंगळूरला गेली. मी मांडव्याच्या धक्क्यापर्यंत पोचवायला गेलो होतो. बोटीत चढताना बायको नवऱ्याला काहीतरी सांगते, गोळ्या वेळेवर घ्या, गॅस बंद करा, असं. हिने एवढंच सांगितलं, "मुकादमाकडे लक्ष द्या." मुकादम म्हणजे आमचा तांबडा बोका. रोज सकाळी वाडीतल्या प्रत्येक माडाखाली जाऊन पाहणी करतो, स्वतः काडीचं काम करत नाही, म्हणून हे नाव. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. जन्मभर सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलेला माणूस मी. मी दप्तर मागितलं की भले भले चेअरमन पाणी मागायचे. एक बोका मला जड जाणार आहे का?

गेला, आत्या. फार जड गेला.

आपल्या घरात मासळी शिजत नाही हे तू जाणतेसच, पण निवेदिता त्याच्यासाठी मागच्या पडवीत वेगळ्या पातेल्यात मांदेली उकडते. ते काम माझ्याकडे आलं. नाकाला पंचा बांधून मी आयुष्यात पहिल्यांदा मासे उकडले, काटे काढले (नव्हते काढायचे, असं नंतर कळलं), बशीत वाढले आणि म्हटलं, घे. त्याने बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पायांमधून पलीकडच्या दाराकडे बघत बसला. निवेदिता येते का म्हणून. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कोळीवाड्यातली केसर मासळी घेऊन मागच्या दारी आली. (निवेदिताची ही जुनी मैत्रीण. माझी तिच्याशी ओळख म्हणजे तिने "बाई हायेत?" विचारायचं आणि मी "आहेत" म्हणायचं, एवढीच.) तिने तीच बशी, तीच मांदेली, माझ्याच हातची, उचलून त्याच्या तोंडापुढे धरली. चाटूनपुसून लख्ख केली त्याने.

मी हे शेजारच्या परेशला सांगितलं. परेश पर्यटकांना खोल्या देतो आणि उरलेल्या वेळात फोनवर ज्ञान गोळा करतो. तो म्हणाला, काका, मांजरांना बायकाच आवडतात, मी वाचलंय कुठेतरी. बायकांचा आवाज बारीक, चालणं हलकं, त्या मांजराशी बोलतात, त्याच्यापाशी खाली बसतात. पुरुष म्हणजे मांजराच्या लेखी नुसता चालता खांब. आत्या, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. म्हणजे यात माझा काहीच दोष नव्हता. माझ्या जागी दुसरा कोणीही पुरुष असता तरी हेच झालं असतं. मी पुरावेही जमवले. फोनवर वल्लरीचा आवाज आला की हा फोनला डोकं घासायचा. पोस्टातल्या बाई फाटकात दिसल्या की शेपटी उभी. माझी चाहूल लागली की कॉटखाली.

आता दोष पुरुषजातीचाच आहे म्हटल्यावर उपायही त्याच अंगाने करायला हवा. मी बारीक आवाज काढायचा सराव सुरू केला. विहिरीपाशी कोणी नाही असं बघून निवेदिताच्या पट्टीत "ये रे माझ्या सोन्या, ये रे माझ्या राजा" म्हणायचो. परेशकडे उतरलेली पुण्याची मंडळी कुंपणाशी उभी राहून ऐकत होती, हे मला उशिरा दिसलं. त्या काकांना सांभाळायला घरात कोणी नाही का, असं त्यांनी परेशला विचारलं. (हे तो मला मुद्दाम घरी येऊन सांगून गेला.) त्याच आवाजात मी कॉटखाली वाकून मुकादमाला बोलवायला गेलो, तेवढ्यात कंबरेत लचक भरली आणि मी तसाच जमिनीवर आडवा झालो. तेव्हा कुठे तो बाहेर आला. मला ओलांडून दारापर्यंत गेला, दारातून वाडीत गेला आणि परत आला नाही.

कंबर धरून मी सगळी आळी पालथी घातली. शेवटी तो केसरच्या अंगणात सापडला. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्याखाली हा, स्वतःच्या बापाची इस्टेट असल्यासारखा. तिथे त्याचं नाव पापलेट ठेवलं होतं आणि तो त्या नावाला ओ देत होता. मी त्याला पिशवीत घालून घरी आणलं. मी दाराला कडी घालेपर्यंत तो खिडकीतून गेला. पुन्हा आणलं, पुन्हा गेला. आणि तिकडून निवेदिताचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, मुकादम दाखवा म्हणून.

मी काय करणार? मी रोज संध्याकाळी कोळीवाड्यात जाऊन केसरच्या ओटीवर बसायला लागलो. मांडीवर आपलाच बोका, उसना घेतलेला. (केसर बाजूने त्याची मान धरून ठेवायची म्हणून तो टिकायचा. तिचा हात फोनमध्ये येऊ द्यायचा नाही, ही कसरत वेगळीच.) आणि मी बंगळूरला सांगतो आहे की आम्ही दोघे घरी मजेत आहोत. एकदा निवेदिताने विचारलं, मागे जाळं कसलं दिसतंय? मी म्हटलं, वटवाघळं येतात, सुपारीला लावलंय. ती बरं म्हणाली.

तरीही केसर बाई आहे, तेव्हा मुकादमाचं तिच्याकडे जाणं परेशच्या म्हणण्याला धरूनच होतं. पण मग तिचा मुलगा विनेश बोटीवरून आला. दाराएवढा रुंद माणूस, आवाज भोंग्यासारखा, अंगाला डिझेलचा वास. मुकादम त्याच्या खांद्यावर चढून बसला. म्हटलं, असेल एखादा अपवाद. तर केसरचा नवरा विठोबा जाळं शिवायला बसला आणि हा त्याच्या मांडीत पोट वर करून पसरला. मग बर्फ घेऊन येणारा टेम्पोवाला. मग विजेचा मीटर बघायला आलेला मनुष्य, ज्याला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. सगळे पुरुष, सगळे चालते खांब.

तुझ्या लक्षात येतंय ना काय झालं ते? मांजरांचं पुरुषांशी काही वाकडं नाही. माझ्याशी आहे. मी तिथेच ओटीवर डोकं धरून बसलो. केसर मासळी निवडत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमी त्याच्याकडं असं बगताव, जसं त्यानं काय चोरलंय."

मी म्हटलं, मी सगळ्यांकडेच असं बघतो.

"व्हय," ती म्हणाली. "ठाऊक हाय." आणि चहा टाकायला आत गेली.

तो चहा म्हणजे आणखी एक संकट. इतका गोड की दाढा ठणकतात. सुरुवातीला मी कॉल झाला की उठायचो. मग चहा होईपर्यंत थांबणं आलं, कारण नको म्हटलेलं केसरला ऐकू येत नाही. मग विठोबा म्हणाला, भाऊ, हे टोक जरा धरा, तर ते धरणं आलं, आणि जाळं काही एका बैठकीत होत नाही. आता विनेश वारा कसा फिरणार ते सांगतो, विठोबा ते खोडून काढतो आणि दोघे मिळून निकाल माझ्याकडे मागतात. मला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी परवा मी विनेशच्या बाजूने निकाल दिला आणि विठोबा रुसला, त्याची समजूत काढण्यात दिवेलागण झाली. घरी येतो तर घर गप्प. मी रेडिओ लावतो, तोही बंद करतो.

आणि मग एक विचार डोक्यातून जात नाही. जो माणूस बोक्याला नको, तो निवेदिताला तरी का हवा असावा? ती आणखी थोडे दिवस राहीन म्हणते आहे. बंगळूरची हवा फार छान आहे म्हणते. हवा आक्षीलाही आहे, आत्या. तू मला पाळण्यात असल्यापासून ओळखतेस. खरं सांग, मी पहिल्यापासूनच असा आहे का? (नको, सांगू नकोस.)

गुडघ्याला शेक देत जा. विहंगला आशीर्वाद.

सध्या कोणालाच नको असलेला तुझा भाचा,
सुश्रुत

ता. क. मुख्य काम राहिलंच. निवेदिता आज ना उद्या येणारच, आणि आली की माझ्याआधी मुकादमाला बघणार. तुझ्याकडचा तांबडा बोका हुबेहूब त्याच्यासारखा आहे, शेपटीचं पांढरं टोक सोडलं तर. (त्याचं मी बघतो काहीतरी.) विहंगबरोबर टोपलीत घालून करंजाहून रेवसच्या बोटीने पाठवून दे. नातवाला कारण सांगू नकोस. तुझ्या बोक्याला पुरुष चालतात ना?

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात निवेदिताचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, विठोबांचं जाळं झालं का पुरं? आत्या, मी विठोबाचं नाव तिच्यापाशी कधी काढलेलंच नाही. मग सगळं बाहेर पडलं. मासळी वाळायला लागली की मुकादम केसरकडे राहायला जातो आणि मनाला येईल तेव्हा परततो. दरवर्षी. (मीही दरवर्षी याच घरात असतो.) मांडव्याला निघण्याआधीच तिने केसरला सांगून ठेवलं होतं, "बोका येईलच तुमच्याकडे. त्याच्यामागून हे येतील. त्यांनाही बसवून घ्या." पुढच्या आठवड्यात येते म्हणाली. तेव्हा तुझा बोका पाठवू नकोस.

तिसरा ता. क. पत्र टाकायला निघालो तर मुकादम दारात. कोणी न बोलावता आला, बशीतलं खाल्लं, माझ्या आरामखुर्चीत चढला आणि झोपला. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते झालं. पण मग संध्याकाळी मी केसरकडे काय सांगून जाऊ? पुष्कळ विचार केला. शेवटी झोपेतच त्याला पिशवीत घातलं आहे. (ओरबाडलं त्याने.) जाता जाता कोळीवाड्यात सोडून येतो, म्हणजे संध्याकाळी त्याला आणायला जाता येईल.