प्याद्यासमोरचा घोडा

प्रिय अण्णा,

आज तुमचा घोडा माझ्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला दिसला. तुम्ही गेल्यावर आठ महिन्यांनी! हे दुसऱ्या कुणाला सांगू? आईला बुद्धिबळ कळत नाही, आणि ऑफिसात सांगावं असं हे नाही.

आठवतं ना, दापोडीच्या घरी लॅपटॉप उघडून मी फुशारकी मारली होती? "अण्णा, ज्याला अडवायला समोरच्याचं एकही प्यादं उरलं नाही, ते मोकळं प्यादं. शेवटच्या ओळीच्या जितकं जवळ, तितके जास्त गुण." तुम्ही गुपचूप पट मांडलात. काळ्या प्याद्याला वजीर व्हायला दोनच घरं बाकी, आणि त्याच्या नाकासमोर पांढरा घोडा ठाण मांडून. प्रोग्रॅम म्हणाला, काळा जिंकतोय.

"कसलं मोकळं? हालतंय का ते?" तुम्ही विचारलंत. "फुडच्या घराला बोट लावून बघितलं का कुणी?"

बोट! चाकणच्या कंपनीत उभी नोकरी इन्स्पेक्शनला काढलीत. मापाच्या गेजनं ओके दिलं तरी पार्टच्या कडेवरून बोट फिरवल्याशिवाय तुम्ही तो पास केला नाहीत. सुपरवायझर चिडायचा, पण तुम्ही कुठले ऐकताय! माझ्या प्रोग्रॅमचे मात्र चाचणीचे डाव चांगले चालले होते. मी हसलो. बापाला शिकवायला निघालो होतो मी, अण्णा.

मग ते हॉस्पिटल. न्यूमोनिया उतरत होता, आकडे रोज सुधारत होते. मारुंजीच्या ऑफिसातून आलो की मी आधी फाइल उघडायचो, मग तुमच्याकडे बघायचो. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "संजू, छातीवर कुणीतरी बसल्यागत वाटतंय रे." आणि मी काय केलं? कागद तुमच्यापुढे धरला. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, अण्णा. परवा डिस्चार्ज." छातीला हात लावला नाही. नर्सला हाक मारली नाही. तुम्ही कूस बदललीत.

पहाटे फोन आला.

का नाही भांडलात माझ्याशी? एका घोड्यासाठी भांडायचात, सुपरवायझरशी भांडायचात! मग पोराचा शब्द एवढा कसा मानलात? डॉक्टर म्हणाले, त्या संध्याकाळीच कळलं असतं तर काही करता आलं असतं की नाही, सांगता येत नाही. तेच तर मला खातंय.

आज प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. प्याद्याच्या पुढचं घर रिकामं आहे का ते आधी बघायचं, कुणी बसलं असेल तर गुण कापायचे. तुमचा डाव पुन्हा मांडला. काळ्याचा सगळा फायदा उतरला. तुमचं बरोबर होतं.

काल आईचे रिपोर्ट आले. नॉर्मल आहेत. ती म्हणते, "जिना चढताना दम लागतोय बघ." कागद मी कपाटात टाकलाय आणि उद्याची रजा घेतलीय. तिचा हात धरून तिच्याबरोबर एकेक पायरी चढेन. ती जिथं थांबेल तिथून तिला घेऊन थेट डॉक्टरांकडे जाईन, कागद काहीही म्हणो. शब्द देतो.

तुमचा,
संजू