एक दिवसाआड

१२ जाने. सोम.
रेवा आली. मुंबईच्या लेकाची मुलगी, पण चढण चढली ती अगदी इथल्यासारखी. दवाखान्याचं शिकते. वाडीतल्या बायका बीपीची गोळी रोज घेतात का, ते लिहून न्यायचंय. पहिला कागद माझा. "रोज घेतेस ना आजी?" म्हटलं, रोज.
मग घरोघर मी तिच्यासंगं. माझी नात म्हणून बायका आधी चहा टाकायच्या. समद्यांनी रोजच सांगितलं. रेवा दंडाला पट्टा बांधून बीपी बघत होती. मी नुसती बघत होते तिच्याकडं.

१४ जाने. बुध. संक्रांत
लाडू कडक झाले. गूळच तसला. रेवा एक हातात धरून बसलेली. "आजी, सगळ्या रोज घेतात, मग बीपी सगळ्यांचं चढलेलं कसं?"
मी भात बघायला उठले.
खाली दवाखान्यात पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळतात. उतरायला तास, चढायचं तर नाव नको. म्हणून आम्ही एक दिवसाआड घेतो, महिना निघतो. समद्यांना ठाऊक हाय, बोलत कुणी नाय. गोळ्या देणारी सिस्टर पोरगी गुणाची, आमच्यापायी तिला कुणी बोललं तर?
कागद पोलादपूरच्या डॉक्टरांकडं जाणार. दोन महिन्यांच्या गोळ्या वाडीतच द्यायच्या का, ते त्यावरनं बघणार. रोज लिहिलेलं दिसलं तर म्हणतील, चाललंय ते बरं हाय.

१५ जाने. गुरु.
सांगितलं. भाकरी थापताना, तिच्याकडं न बघता.
"म्हणजे माझा पहिलाच कागद खोटा."
"मग फाड."
"फाडायचा नसतो. रेघ मारून खाली खरं लिहायचं."
लिहिलं. मग हळूच म्हणाली, "उद्या परत सगळीकडं जाते, पण एकटी. तू बसलीस की तुझ्यादेखत कुणी खरं बोलत नाही."
इतकी मिरवले होते मी... भाकरी करपली.

१६ जाने. शुक्र.
फणसाखाली बसले. सोमवारी शेजारच्या सरूबायकडनं चहा निवायच्या आत उठलो होतो. आज पायरीवरचं ऊन उंबऱ्यात गेलं तरी आत बोलणं चालू. रेवा बाहेर आल्यावर इचारलं, काय म्हणाली?
"ते सांगायचं नसतं आजी."
मला पण?
"तुला पण."
राग यायला हवा होता. आला नाय. शिकली पोर.
सांजेला सरूबाय आली. "तुझी नात लय खोदून इचारते गो."
मग काय सांगितलंस?
"तुला कशाला सांगू?"

१९ जाने. सोम.
रेवा गेली. वीर स्टेशनवरनं गाडी. वाटेत पोलादपूरला कागद दिले, तिथनं फोन केला. डॉक्टर म्हणाले, वाचतो, वर कळवतो. कधी, ते नाय बोलले. सिस्टरला कुणी बोलणार नाय, एवढं मात्र रेवानं विचारून घेतलं.
निघताना मला म्हणाली, "तू तरी आजपासून रोज घे."
आज गोळीचा दिवस नव्हता. घेतली. पाकिटात चार राहिल्या. शुक्रवारपर्यंत पुरतील.