हिशेब गोड करून मिळणार नाहीत

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (वाकून, कारण उभ्याउभ्या केलेला तुला चालत नाही). गुडघा कसा आहे? वहिनी म्हणतात, काम सांगितलं की दुखतो. मी ठणठणीत आहे. "हिशेब लिहून देण्याचा धंदा? तीन महिन्यांत नाक मुठीत धरून परत नोकरीवर जाशील," हे तुझं भाकीत मी भिंतीवर चिकटवलंय आणि रोज त्याच्याकडे बघत चहा पिते. तिसरा महिना चालू आहे. जुन्या मालकांनी म्हणे माझी खुर्ची रिकामी ठेवली आहे. ठेवू देत! बावीस वर्षं त्यांचे आकडे गोड करून माझं तोंड कडू झालंय.

शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतली आहे. खाली मशीन सुरू झालं की वर टेबल थरथरतं, म्हणून बेरजा मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत उरकते. पहिलं गिऱ्हाईक समोरचा लाँड्रीवाला. वर्षभराच्या चिठ्ठ्या त्याने इस्त्री करून आणल्या (काही धुतलेल्याही होत्या). आठ दिवस डोळे फोडून हिशेब लावला, तर निघाला तोटा. झालं! "बाई, तुमच्याकडे येईपर्यंत माझा धंदा फायद्यात होता!" म्हणून तो माझ्यावरच उखडला. आता तूच सांग, ताप काय थर्मामीटरमुळे येतो? मग गयावया करायला लागला, की एखादा आकडा इकडचा तिकडे करा. मेले तरी करणार नाही म्हटलं. तर त्याने गल्लीभर सांगितलं, की बाई पांढऱ्या पायाची आहे. पंधरा दिवस जिन्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. खरं सांगते दादा, एकदा दार लावून पोटभर रडले. मग तोंड धुऊन दार उघडलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

सोळाव्या दिवशी लाँड्रीवाल्याची बायको आली. तोटा होतो कुठे, एवढंच तिला बघायचं होतं. मी पान उघडून दाखवलं: आठवड्याला चाळीस शर्ट, पुढे नुसतं 'मित्र' लिहिलेलं, पैशाच्या नावाने बोंब. दुसऱ्या दिवशीपासून मित्र रोख मोजायला लागले! ही बातमी फिरली मात्र, नळवाल्याची बायको आली, फोटोवाल्याची आली, प्रत्येकीच्या हातात चिठ्ठ्यांची पिशवी. (नवऱ्यांना वाटतं, त्या शिवणकाम शिकायला येतात.) टेबलावर जागा उरलेली नाही. पैसे मात्र काम संपल्यावर मिळायचे आहेत, आणि शिंपी दोन महिन्यांच्या भाड्यासाठी जिन्यात उभा राहून खोकतो. एक तारखेपर्यंत दिलं नाही, तर खोली जाईल. पण मी जुन्या मालकांच्या त्या खुर्चीत परत बसणार नाही म्हणजे नाही.

लोभ असू दे, सल्ला तुझ्यापाशीच ठेव.

तुझी धाकटी आणि हट्टी,
बहीण

ता. क. पिशव्या आणणाऱ्यांत वहिनीही आहेत. तुझ्या रंगाच्या दुकानाचा वर्षभराचा हिशेब काल लावला. दर महिन्याच्या खर्चात 'बहिणीला मदत' आहे, असं बारा वेळा. दादा, तुला बहीण एकच. मला तर एक छदामही मिळालेला नाही.

ता. ता. क. वहिनींना सोमवारी हिशेब द्यायचा आहे. आकडा मी बदलणार नाही, सख्खा भाऊ असलास तरी. पण तो खरा करणं तुझ्या हातात आहे. शनिवारपर्यंत बाराही महिन्यांचे पाठव, म्हणजे शिंप्याचा खोकला थांबेल. उपकार नकोत, रीतसर पावती देईन. तारीख मात्र शनिवारचीच पडेल.