शिवाच्या टेंपोची पायरी

सोलापूर, माघातला मंगळवार, १९७६

नातवानं, आमच्या शिवानं, जुना टेंपो घेतलाय. आता त्याला काय काय करायचं, घरात दिसभर तेच. मागं नव्या फळ्या, वर ताडपत्रीला कमानी, भोंगा तर लई मोठा. पयली फेरी मैंदर्गीच्या बाजारला, माझ्या माहेरी. पण मी टेंपोत चढू कशी, हे कुणी बोलंना.

दुपारी शिवा म्हणला, "आज्जे, भिंतीपाशी पाय उचल बघू." जिथवर गेला तिथं खडूनं रेघ मारली. म्हणला, "एवढ्यावर तुझी पायरी बसवतो." गुणाचं लेकरू! पण सुना बघत होत्या की. मी दातओठ खाऊन पाय लई वर नेलता. आता गुडघा ठणकतोय. त्या उंचीवर मी चढणार व्हय?

शिवा मिस्त्रीला बोलवायला गेला, तशी मी रेघ पुसली अन् वीतभर खाली मारली.

आल्या आल्या म्हणला, "आज्जे, रेघ खाली आली की!"

"भिंत खचली आसंल," म्हणलं.

हसलासुदीक न्हाय. मिस्त्रीला म्हणला, "पायरी आजून चार बोटं खाली घ्या. आमची भिंत लई खचतीया."