जंगलखात्याच्या वाटेवरची जीप

उधना, सुरत
सोमवार, १७ नोव्हेंबर १९९७

चि. श्रीपत यास,
आनंदीताईचा जयभीम आणि, नाइलाजाने, आशीर्वाद. वि. वि.

काल, रविवार, १६ नोव्हेंबर रोजी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, मी आत तुझ्या डब्यात दशम्या भरत असताना, तू माझ्या जीपचं बॉनेट उघडलंस, डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून रुमालात गुंडाळलास आणि नंदुरबारची गाडी पकडलीस. शेजारच्या पुष्पाबाईंनी गॅलरीतून पाहिलं. त्यांना वाटलं, भाऊसाहेब निघताना इंजिनाला नमस्कार करताहेत.

तू गेल्यावर डोंगरावर जायला माझी नेहमीची जोडीदारीण तारा आली. आम्ही पाण्याचे कॅन चढवले, मी चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरत राहिलं. तारा म्हणाली, बॅटरी उतरली असेल. मी झाकण उघडलं आणि तुझी करणी कळली. तो बोटभर काळा तुकडा नसेल तर ठिणगी पोचत नाही, हे तुला मीच शिकवलं होतं. मला सिस्टर फिलोमिनांनी कॉन्व्हेंटच्या आवारात शिकवलं. तक्रार करताना आधी तारीख आणि वेळ लिहायची, हेही त्यांनीच शिकवलं.

तू स्टेशनमास्तर आहेस. एकेरी लाइनीवर तुझ्या हातून टोकनचा गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढत नाही. पण मी तुझी मालगाडी नाही, श्रीपत.

तुला वाटतं, म्हातारीला जीप उडवायची हौस आहे. जीपची नाही, डोंगराची आहे. सोनगडच्या पुढे त्या डोंगराच्या पायथ्याशी जायला लाकूडतोडीसाठी काढलेला जंगलखात्याचा एकच रस्ता. बसने गेलं तर फाट्यापासून आठ मैल तंगडतोड, आणि मग चढण. माझे गुडघे दोन्हीपैकी एकच करतात. जीप नसेल तर मी डोंगर फक्त कॅलेंडरवर पाहायचा. तीस वर्षं मेट्रन म्हणून वॉर्डाच्या पांढऱ्या भिंती पाहिल्या. आता पुरे.

रोटर उलट टपाली पाठव. वृषालीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो तुझ्या वागण्यावर अवलंबून नाही, हे तुझं नशीब.

आनंदीताई

*

नंदुरबार
२१ नोव्हेंबर १९९७

ती. ताईस,
श्रीपतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं आरोपपत्र पोचलं. वृषालीने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसली, म्हणजे ती कोणाच्या बाजूची आहे ते कळलं. दशम्या चांगल्या होत्या.

रोटर मी काढला, कबूल आहे. परत पाठवणार नाही, हेही कबूल आहे. तू त्रेसष्ट वर्षांची आहेस, सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेतेस आणि मग बॉनेटच्या वर गवत असलेल्या रस्त्यावर गाडी घालतेस. ऑक्टोबरात जीपचं मागचं चाक ओहोळात गेलं. ताराताई पाड्यावर चालत गेल्या, बैलजोडी आणली, तेव्हा तुम्ही निघालात. हे तू मला सांगितलं नाहीस. ताराताईंनी सांगितलं, आणि तेही जणू काही गंमत झाली अशा थाटात!

तेव्हा आता ऐक. बारडोलीचे योगराज पाटील उसाची वाहतूक करतात, त्यांना जीप हवी आहे. ते रविवारी, ३० तारखेला येऊन गाडी पाहतील आणि पटली तर घेऊन जातील. रोटर ते स्वतःचा आणतील. तू लिलावात जीप घेतलीस तेव्हा तिथल्या साहेबाने घरातल्या पुरुषाचं नाव मागितलं म्हणून ती माझ्या नावावर झाली, त्याचा असा उपयोग होईल असं मलाही वाटलं नव्हतं. तू चिडशील. चिडलेली बहीण मला चालेल. फिरायचं असेल तर तापीच्या काठी फीर, तिथे डांबरी रस्ता आहे.

गोळ्या वेळेवर घे. राग उतरला की लिही, नाही उतरला तरी लिही.

तुझा,
श्रीपत

*

नंदुरबार
२५ नोव्हेंबर १९९७

ती. ताईंना,
वृषालीचा साष्टांग जयभीम.

पॅसेंजरचे गार्ड रघुनाथभाऊ यांच्या हाती पापडाचा डबा पाठवते आहे. पापड संपवून तळ पाहू नका, आधी तळ पाहा. रोटर तिथे आहे. यांच्या ड्युटीच्या कोटाच्या खिशात होता. कोट मी धुवायला काढला.

यांनी तुम्हाला जे लिहिलं नाही ते मी लिहिते. त्या ऑक्टोबरच्या रविवारी संध्याकाळी सातला तुमचा फोन यायचा होता, तो आला नाही. बदली माणूस नव्हता, यांना स्टेशन सोडता येईना. सुरतेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या गार्डला विचारत होते, सोनगडला दोन बायका दिसल्या का. गाडी सुटायची आणि हे हिरवा कंदील खाली घ्यायचं विसरून तसेच उभे राहायचे. पॉइंट्समन चिंधाने मला सांगितलं. हे स्वतः जन्मात सांगणार नाहीत.

म्हणून ते बरोबर आहेत असं मी म्हणत नाही. लग्न झाल्यापासून मी रेल्वे क्वार्टरच्या खिडकीतून सातपुड्याची रांग पाहते. गाडी इथे थांबते, पण उतरून तिकडे जायचं कोणाला सुचत नाही. ताई, मला एकदा न्याल का? डबा कोणी पाठवला ते यांना खुशाल सांगा. मी घाबरत नाही.

तुमची,
वृषाली

*

उधना, सुरत
सोमवार, १ डिसेंबर १९९७

चि. श्रीपत यास,
ताईचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे योगराज पाटील काल सकाळी आले. सज्जन गृहस्थ, पांढराशुभ्र सफारी घालून आले होते. त्यांचा रोटर खिशातच राहिला, कारण माझा जागेवर होता. कसा आला ते तुझ्या बायकोला विचार, ती सांगेल.

मी त्यांना म्हटलं, गाडी घ्यायची तर चालवून पाहायला हवी, आणि गाडी कामाच्या रस्त्यावरच पाहावी. त्यांना ते पटलं. त्यांना वाटलं, डांबरी रस्त्याने जवळच्या कामरेजपर्यंत जाऊ. मी सोनगडच्या पुढे नेलं. तारा मागे होती.

जंगलखात्याचं फाटक ओलांडून मी चारही चाकांचा गिअर टाकला आणि रेडिएटरच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. तो कशाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गवताची कुसळं आत गेली की इंजिन तापतं. पाऊस संपल्यापासून तिथून एक ट्रक गेलेला नाही. दोन्ही बाजूंनी घाणेरीची झुडपं आत आलेली, मधोमध गवत काचेला लागतं. गवतात सागाचे खुंट असतात, ते वरून दिसत नाहीत, म्हणून एकाने काठी घेऊन पुढे चालायचं असतं. ताराच्या पायात काटा होता. पाटील चालले. सफारीचा रंग पायथ्याला पोचेपर्यंत बदलला.

ओहोळ या वेळी मी आडवा घेतला नाही. आधी उतरून दगड रचले, मग जीप तिरपी उतरवली. ऑक्टोबरात मी घाई केली होती, ती चूक माझी. जीपची नाही आणि माझ्या वयाचीही नाही.

पायथ्याशी पाटील पाणी प्यायले आणि वर पाहून मला म्हणाले, बेन, ही म्हैस एकाच माणसाला धार देते, मला नको. मग आमच्याबरोबर डोंगर चढले. माथ्यावर ताराच्या डब्यातले तीन लाडू खाल्ले आणि पुढच्या वेळी घरच्यांना आणू का, असं विचारलं. तेव्हा गिऱ्हाईक गेलं, श्रीपत. दुसरं पाठवलंस तर त्यालाही डोंगर दाखवीन.

हिरव्या कंदिलाचं कळलं. त्या संध्याकाळी फोन करायला हवा होता. पाड्यावर फोन नव्हता, सोनगडला होता, आणि मी दमून तशीच घरी आले. यापुढे आत शिरण्याआधी फाटकावर वाट सांगून जाईन आणि बाहेर आले की सोनगडहून तुझ्या स्टेशनला फोन करीन. हे वचन मी माझ्या मनाने देते आहे, तुझी अट म्हणून नाही. पण तुला भीती वाटली तर तसं लिहायचं असतं. बहिणीला चार ओळी लिहिता येत नाहीत म्हणून माणूस तिच्या गाडीचं काळीज खिशात घालून जातो का?

आता माझं म्हणणं. जीप माझ्या नावावर झाली पाहिजे. सहा तारखेला तुम्ही दादरला जाल, म्हणून आठवड्याची सवलत देते. तू सही करायला कधी येतोस ते बुधवार, १० डिसेंबरच्या संध्याकाळच्या टपालाआधी लेखी कळव. फोन चालणार नाही, रघुनाथबरोबर निरोप चालणार नाही, आणि ‘बघू’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

वृषाली शनिवारी, १३ तारखेला येते आहे. तिला कापडी बूट मी इथून घेतले आहेत. पुढच्या सीटवर ती बसेल. तुझा पायाचा नंबर मला माहीत नाही. तोही त्याच पत्रात लिही.

तुझी,
आनंदीताई